हिचा डाव कधी?

माझ्या कपाटातल्या खालच्या फळीवर सात-आठ जाडजूड पुस्तकं आहेत. शाळेच्या वह्यांना घालतात तशी खाकी कव्हरं घातलेली. पांढरी लेबलंही डकवलेली आहेत, पण नाव, इयत्ता, तुकडी या रेघा कोऱ्याच. घरी आलेलं कुणी विचारतं, कसली पुस्तकं? मी म्हणतो, नियमांची. यात खोटं काही नाही. तलवारीचा वार लागला की हुकला हे फासा टाकून कसं ठरवायचं, ड्रॅगनच्या गुहेत किती सोनं सापडायचं, मंत्र फसला तर काय होतं, असल्या नियमांची ती पुस्तकं आहेत. कव्हरं मात्र पुस्तकं फाटू नयेत म्हणून घातलेली नाहीत. मुखपृष्ठांवर ज्या बायका आहेत त्या कुणाला दिसू नयेत म्हणून घातली आहेत.

पहिलं कव्हर घातलं तेव्हा मी कॉलेजात होतो. न्यू जर्सीचा चुलतभाऊ सुट्टीला येताना त्याची जुनी पुस्तकं बॅगेत घालून घेऊन आला आणि परत जाताना वजन होतंय म्हणून माझ्याकडे सोडून गेला. आईने त्यातलं एक उचललं, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि काही न बोलता पालथं ठेवलं. ती ओरडली असती तर मी वाद घातला असता. पालथ्या पुस्तकाशी वाद कसा घालणार? संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून खाकी कागदाची गुंडाळी आणली.

त्याला आता पंचवीस वर्षांहून जास्त झाली. कव्हरं टिकून आहेत आणि लाजही. पण ही लाज नक्की कशाची, हे मला फार उशिरा कळलं. आणि हे नीट न कळल्यामुळेच या छंदातले लोक पन्नास वर्षं चुकीच्या गोष्टी झाकत आलेत आणि चुकीच्या गोष्टी उघड्या ठेवत आलेत, असं माझं मत झालं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात, म्हणजे कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. 'समोर दार आहे, काय करता?' असं डीएम विचारतो, खेळणारे सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा पडतो. या साऱ्याचं मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, १९७४, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनीव्हा हे छोटं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे दोघे त्याचे कर्ते, टीएसआर ही कंपनी. पहिला खेळ म्हणजे एका खोक्यातली तीन तपकिरी पुस्तिका, आतली चित्रं हौशी हातांची.

दोनच वर्षांत, १९७६ मध्ये, त्याची 'एल्ड्रिच विझर्डरी' नावाची पुरवणी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर बळीच्या चौथऱ्यावर आडवी पडलेली सोनेरी केसांची नग्न बाई आहे. १९७९च्या 'डंजन मास्टर्स गाइड'वर आगीच्या रंगाचा अवाढव्य इफ्रीत, म्हणजे अरबी कथांतला जिन्न, आहे. त्याच्या एका मुठीत जेमतेम वस्त्रं उरलेली बाई, आणि समोर त्याच्याशी झुंजणारे वीर. १९९०च्या 'रिफ्ट्स' या दुसऱ्या एका खेळाच्या पुस्तकावर एक किळसवाणा राक्षसी गुलाम-व्यापारी आणि त्याच्याभोवती तोकड्या कपड्यांतल्या सशस्त्र बायका. या तिन्हींच्या आजूबाजूला लोखंडी कड्यांच्या बिकिन्यांचा केवढा तरी पसारा. या बिकिनीचं सर्वांत प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे रेड सोन्या. ती मार्व्हलच्या कॉमिकांत १९७३ साली आली आणि थोड्याच दिवसांत तिच्या अंगावरचं चिलखत आक्रसत आक्रसत दोन त्रिकोणांवर आलं. त्याच्याही मागे गेलं तर १९३०च्या दशकातली अमेरिकी स्वस्त मासिकं लागतात. म्हणजे ही परंपरा खेळापेक्षा जुनी. खेळाने ती जशीच्या तशी उचलली.

आता लाजेचं. ती दोन प्रकारची असते आणि दोन्ही एकाच वेळी कान लाल करतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

पहिली लाज 'लोक काय म्हणतील' ही. आईने पुस्तक पालथं ठेवलं तेव्हा मला झाली ती ही. तिच्याबद्दल मला आज फारसा आदर नाही. उघडं शरीर दिसलं म्हणून बिघडतं काय? अजिंठ्याला शाळांच्या सहली जातात आणि कुठलेही गुरुजी पोरांना डोळे झाकायला सांगत नाहीत. चित्रातल्या नग्नतेवर हरकत घेणाऱ्यांच्या बाजूला मला बसायचं नाही. त्या बाजूला गर्दी फार असते आणि ती गर्दी पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कुठल्या तरी चित्राच्या मागे लागते.

दुसरी लाज वेगळी, आणि ती मला भाचीने दाखवली.

तेरा वर्षांची आहे. शनिवारी आमचा खेळ चालतो तेव्हा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभी राहायची. एक दिवस म्हणाली, मलापण खेळायचंय. मला आनंद झाला. मी फळीवरून पुस्तकं काढायला लागलो. 'डंजन मास्टर्स गाइड'चं खाकी कव्हर कडेला फाटून लोंबत होतं, ते तिने सहज ओढलं आणि पूर्ण निघालं. इफ्रीत, त्याची मूठ, मुठीतली बाई. मी घाईघाईने काही तरी बोलायला लागलो, जुनं पुस्तक आहे, तेव्हा असंच काढायचे, वगैरे. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिला त्या कपड्यांचं काही वाटलं नव्हतं. मोबाइलवर ती याहून जास्त पाहते. ती खेळाच्या नजरेने चित्र बघत होती.

"ए मामा, यात मी कोण?"

"तू कुणीही हो. तेच तर आहे या खेळात."

"मग ही मी होऊ?" तिने मुठीतल्या बाईवर बोट ठेवलं. थोडा वेळ बघत राहिली. "पण हिला तर त्याने धरलंय. हिचा डाव कधी येतो?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या क्षणी जी लाज वाटली तिचा कपड्यांशी काही संबंध नव्हता. मी आत्ताच तिला सांगितलं होतं की या टेबलावर तू कुणीही होऊ शकतेस, आणि तिच्या हातातलं पुस्तक तिला सांगत होतं की तू बक्षीस आहेस. आमच्यापैकी कुणी तरी खोटं बोलत होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती एरवी या चर्चेत निसटते. कादंबरी माणूस एकटा वाचतो. तिचं मुखपृष्ठ हा त्याचा आणि पुस्तकाचा आपापसातला मामला आहे. बसमध्ये वाचताना त्याला अवघडल्यासारखं वाटलं तर त्याने बघून घ्यावं. खेळाचं पुस्तक एकट्याचं नसतं. ते टेबलाच्या मध्यभागी पडलेलं असतं, चहाचे कप आणि चिवड्याच्या वाटीच्या शेजारी, चार तास. ते हातोहात फिरतं. नव्या माणसाला 'हे घे, यातून तुझं पात्र निवड' म्हणून आपणच ते त्याच्या हातात देतो. म्हणून त्याचं मुखपृष्ठ ही एका अर्थी निमंत्रणपत्रिका असते. पत्रिकेवर कुणाकुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, हे ज्याचं नाव नाही त्याला बरोबर दिसतं.

म्हणून भाचीचा प्रश्न मी कसोटी म्हणून घेतला आहे. मुखपृष्ठावर बाई किती उघडी आहे ते मोजायचं नाही. हिचा डाव येतो का, एवढंच विचारायचं. ती काही करते आहे का, की तिचं काही केलं जात आहे? पुढचे चार तास ती होऊन बसता येईल का?

ही कसोटी लावली की फळीवरची पुस्तकं भराभर वेगवेगळ्या ढिगांत पडतात, आणि कापडाच्या मापाने पडली असती त्यापेक्षा फार वेगळी पडतात. चौथऱ्यावरच्या बाईचा डाव कधीच येणार नाही, तिच्या डोक्यावर सुरा आला तरी नाही. पण १९७८च्या 'रूनक्वेस्ट' या खेळाच्या मुखपृष्ठावरची बाई बघा. अंगावर कपडा बेताचाच, बिकिनीच म्हणा. पण समोर सरड्याच्या जातीचं जनावर आहे आणि ती त्याच्याशी लढते आहे. तिचाच डाव चालू आहे. मी त्याही पुस्तकाला कव्हर घातलं होतं. ते काढून टाकलं. ब्रॉम या चित्रकाराने १९९१ साली डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 'डार्क सन'साठी केलेलं चित्र घ्या. वाळवंटी जग, पुरुषाच्या अंगावर कपडे जेमतेम आणि बाईच्याही जेमतेम, दोघांच्या हातात शस्त्रं, दोघांच्या चेहऱ्यावर एकच चिडका थकवा. माझी काही तक्रार नाही. उन्हात चिलखत घालून कोण फिरणार?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, पुरुषही उघडेच असतात की. चित्रकार फ्रँक फ्राझेटाने १९६६ पासून कॉनन या रानवट योद्ध्याच्या पुस्तकांसाठी जी चित्रं काढली त्यांत कॉननच्या अंगावर लंगोटाखेरीज काय आहे? बरोबर आहे. पण कॉनन व्हायला कुणीही तयार होतं. मीसुद्धा, माझं पोट विसरून. त्याच्या पायाला मिठी मारून बसलेली बाई व्हायला कुणी पात्राचा कागद भरत नाही. उघडेपणा सारखा असला तरी डाव सारखे वाटलेले नाहीत.

दुसरं उत्तर असं की, हे सगळं पुरुष चित्रकारांचं काम आहे, बायका आल्या की आपोआप बदलेल. हे मलाही बरीच वर्षं खरं वाटत होतं. मग चित्रांखालची नावं वाचायला लागलो आणि पंचाईत झाली. 'एल्ड्रिच विझर्डरी'च्या चौथऱ्यावरची नग्न बाई डेबोरा लार्सन या चित्रकर्तीने काढलेली आहे. 'रूनक्वेस्ट'ची लढणारी बाई लुईस पेरीनची. आणि त्या आधी, १९३०च्या दशकात, 'विअर्ड टेल्स' मासिकाची जी मुखपृष्ठं गाजली, ज्यांत जवळजवळ प्रत्येक वेळी एक विवस्त्र सुंदरी कुठल्या तरी संकटात सापडलेली असे, ती मार्गारेट ब्रंडेज या शिकागोच्या चित्रकर्तीची. खडूने काढायची. उत्तम काढायची, हेही सांगायला हवं. तिच्या चित्रांचा परिणाम मजेदार झाला. कथेत कपडे उतरवायचा प्रसंग असला की ती कथा मुखपृष्ठावर जाते, हे काही लेखकांच्या ध्यानात आलं आणि ते तसे प्रसंग बेताने पेरायला लागले. म्हणजे कथेवरून चित्र न निघता चित्रावरून कथा निघायला लागली.

तेव्हा कुंचला कुणाच्या हातात आहे यावरून फारसं ठरत नाही. चित्र कशासाठी मागितलं आहे यावरून ठरतं. सर्वांत बोलकं उदाहरण १९८१चं आहे. जीन वेल्स ही टीएसआरच्या रचना विभागात काम करणारी पहिली बाई. तिने 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' नावाचं एक साहस, म्हणजे डीएमने चालवायची तयार गोष्ट, लिहिलं. त्यात डेकॅपस नावाचा एक राक्षस आहे. तो वीरांना फसवण्यासाठी एक आभास निर्माण करतो. केसांनी बांधलेली एक सुंदर तरुणी आणि तिला छळणारे काही कुरूप पुरुष. तिला वाचवायला धावला की तुम्ही राक्षसाच्या तावडीत सापडता. हा प्रसंग लॉरा रॉस्लॉफने चित्रात काढला. छापून आलेली आवृत्ती कंपनीने लगेच परत बोलावली आणि गठ्ठेच्या गठ्ठे कचरा-डेपोत पुरले. मग दुसऱ्या लेखकाकडून दुरुस्त करून हिरव्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली. नारिंगी मुखपृष्ठाच्या ज्या थोड्या प्रती वाचल्या त्या आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात.

मला यात गंमत वाटते ती वेगळीच. त्या चित्रातली बाई खरी नव्हतीच. ती आमिष होती. चित्र बघून आत शिरणाऱ्याला गाठण्यासाठी राक्षसाने मांडलेलं. दुकानाच्या फळीवर मांडलेल्या अर्ध्याअधिक मुखपृष्ठांचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. आणि कंपनीने कचऱ्यात पुरलं ते नेमकं हेच चित्र. कारण तिला झालेली लाज पहिल्या प्रकारची होती.

ही पहिली लाज पुढे वाढतच गेली. १९८२ साली व्हर्जिनियातल्या एका शाळकरी मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईने, पॅट्रिशिया पुलिंगने, त्याचा दोष या खेळाला दिला आणि पुढच्या वर्षी 'बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स' ही संघटना काढली. खेळ म्हणजे सैतानाची शाळा, असा ओरडा अमेरिकेत बरीच वर्षं चालला. त्या आईचं दुःख खरं होतं. निदान साफ चुकीचं होतं. पण कंपनी घाबरली. १९८९ साली खेळाची दुसरी आवृत्ती आली तेव्हा पुस्तकांतून 'डीमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गेले, त्या प्राण्यांना पुढे उच्चारताही येऊ नयेत अशी नावं दिली गेली. बायकांचं काय झालं? काही नाही. क्लाइड कॅल्डवेल या कंपनीच्या चित्रकाराच्या बायका त्या सगळ्या गदारोळात होत्या तशाच राहिल्या. १९८८च्या एका कादंबरीच्या मुखपृष्ठावर त्याने रंगवलेली योद्धी प्रसिद्ध आहे. सगळं अंग कड्यांच्या चिलखताने झाकलेलं आणि नेमकी छातीच्या मधोमध एक खिडकी. आपल्याकडे खिडकी दिवाळीत 'आवाज'च्या अंकात असायची. बाहेरून चावट दिसायची, कागद उलटला की आतून काही तरी निरागसच निघायचं, आणि फसलो म्हणून आपणच हसायचो. या खिडकीतून आत जातो तो थेट शत्रूचा भाला.

एक गोष्ट मात्र जुन्या पुस्तकांच्या बाजूने सांगायला हवी. १९७९चं ते मुठीतल्या बाईचं मुखपृष्ठ निदान प्रामाणिक होतं. कारण आतही तेच होतं. त्या आवृत्तीच्या नियमांत माणसाच्या जातीच्या पुरुष योद्ध्याचं बळ वाढत वाढत १८/०० पर्यंत जाई (इथे ०० म्हणजे शंभर), बाईचं १८/५० ला थांबे. तक्ताच होता तसा. त्याच 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये शहरात रात्री कोण भेटतं याच्या तक्त्यात वेश्यांचा एक उपतक्ता आहे, फासा टाकून कुठल्या प्रकारची भेटली ते ठरवायचं. डझनभर प्रकार! इतक्या बारकाईने कुणी घोड्यांचे प्रकारही दिले नसतील. तेव्हा तो इफ्रीत खोटं बोलत नव्हता. तो आतल्या मजकुराची पाटी होता. खोटेपणा सुरू झाला तो नंतर. १९८९ साली बळाचा तो भेदभावाचा तक्ता काढून टाकला, नियमांत बाई-पुरुष सारखे झाले, आणि मुखपृष्ठं मात्र मागच्याच दशकात राहिली. आत एक, बाहेर एक.

आत एक, बाहेर एक याचा कळस २००० नंतर गाठला गेला. त्या वर्षी डंजन्स अँड ड्रॅगन्सची तिसरी आवृत्ती आली. तोवर खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेला होता. तिने एक परवाना काढला की कुणीही या नियमांवर आधारित पुस्तकं छापावीत आणि वर 'डी-ट्वेंटी'चं बोधचिन्ह लावावं. झुंबड उडाली. त्यात अ‍ॅव्हलांच प्रेस नावाचा एक प्रकाशक होता. त्याचे विषय बघा: ग्रीनलंडमधली हरवलेली नॉर्स वसाहत, कॉन्स्टँटिनोपलचे अखेरचे दिवस, कॅरिबियन समुद्रातले चाचे. इतिहासाच्या वेडाने लिहिलेली पुस्तकं. आणि मुखपृष्ठांवर एकीमागून एक अर्धवस्त्र सुंदऱ्या. ग्रीनलंडच्या थंडीत! अशा पुस्तकाचा लेखक डोळ्यांसमोर आणा. त्याने बिझंटाइन साम्राज्याच्या शेवटच्या वर्षांचा धांडोळा घेतला, तटबंदी समजावून घेतली, आणि हे सगळं आपल्या इतिहासाच्या मास्तरांना दाखवायचं त्याच्या मनात आलं, तर त्याने काय करावं? खाकी कागद आणावा.

याने कुणाचंच भलं होत नाही. इतिहासाची आवड असणारा ते पुस्तक हातात घेत नाही, आणि बाईसाठी घेणाऱ्याच्या पदरी पडतात तटबंदीची मापं.

आता याच काळातली दुसरी घटना. २००३ साली 'बुक ऑफ इरॉटिक फँटसी' नावाचं पुस्तक जाहीर झालं. विषय नावातच सांगितलेला: या खेळात प्रेम, शृंगार, लग्न, संभोग कसे आणायचे. मुखपृष्ठ विषयाला साजेसं. कोणी फसवलं जाणार नाही, ज्याला नको तो घेणार नाही. यावर विझर्ड्सने घाईने परवान्यात सभ्यतेची अट घातली आणि त्या पुस्तकाला बोधचिन्ह मिळालं नाही. ते बोधचिन्हाशिवाय निघालं. आधीची दोन-तीन वर्षं ग्रीनलंडच्या सुंदऱ्या त्याच बोधचिन्हाखाली सुखाने नांदत होत्या. जे पुस्तक बाहेर-आत एकच होतं, त्याला सभ्यतेची अट आडवी आली. याला मी पहिल्या लाजेचा विजय म्हणतो. माझ्या टेबलावर मी ते पुस्तक आणणार नाही, भाची बसते तिथे. पण छापायला माझी हरकत नाही. फिनलंडमधून निघणारी 'लॅमेंटेशन्स ऑफ द फ्लेम प्रिन्सेस' या खेळाची भीषण पुस्तकं प्रौढांसाठी आहेत असं सांगूनच विकली जातात. तीही तशीच.

राहिला धंद्याचा मुद्दा: बाईशिवाय पुस्तक विकत नाही. हे प्रकाशक इतक्या खात्रीने सांगतात की आपण पुरावा मागायचंच विसरतो. या खेळांत जी मुखपृष्ठं अमर झाली ती कुठली? १९७७चा 'ट्रॅव्हलर': काळं खोकं, एक लाल रेघ, आणि संकटात सापडलेल्या एका अंतराळजहाजाने मदतीसाठी मारलेली हाक. चित्रच नाही. १९९१चा 'व्हँपायर: द मास्करेड': हिरव्या संगमरवरावर एक लाल गुलाब. या खेळाने जितक्या बायका टेबलाशी आणल्या तितक्या आधी कुणी आणल्या नव्हत्या, असं त्या काळातले लोक सांगतात. गुलाबाने आणल्या असं मी म्हणणार नाही, पण गुलाबाने कुणाला दारातून परत पाठवलं नाही.

आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच १९७८चं 'प्लेयर्स हँडबुक', चित्र डेव्हिड ट्रँपियरचं. त्याच्यापाशी मी थोडा थांबतो, कारण माझ्या मते या छंदातलं ते सर्वोत्तम मुखपृष्ठ आहे. एक भलीमोठी राक्षसी मूर्ती. दोन चोर तिच्या डोक्यावर चढून डोळ्यातलं रत्न उचकटतायत. खाली लढाई नुकतीच संपलेली, सरड्यांच्या जातीची प्रेतं पडलेली. एक योद्धा तलवार पुसतोय. बाकीचे नकाशावर वाकून पुढचा बेत करतायत. लढाईचा क्षण नाही, विजयाचा आवेश नाही. आणि तरी हा खेळ नेमका काय आहे ते सगळं त्यात आहे: लोभ, दमणूक, मोडतोड आणि सतत चालणारी चर्चा. आमच्या शनिवारच्या टेबलाचं कुणी चित्र काढलं तर असंच दिसेल, फक्त नकाशावर चिवड्याचा तेलकट डाग असेल. या चित्रात बाई आहे का? ओळखू येत नाही. पण चित्रातल्या प्रत्येकाला काम आहे. भाचीला ते दाखवलं तेव्हा तिने लगेच डोळा उचकटणाऱ्या एकावर बोट ठेवलं. "ही मी." ती 'ही' म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

विझर्ड्सने २००० साली आणखी एक युक्ती केली होती. तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकांवर माणसंच ठेवली नाहीत. धातूच्या पट्ट्या, खडे, जुन्या मंत्रग्रंथाची बांधणी. सुंदर होतं, पण मला ते कंपनीनेच घातलेलं खाकी कव्हर वाटतं. कुणाचाच डाव नाही, म्हणजे तक्रारही नाही. त्यापेक्षा २०१४च्या पाचव्या आवृत्तीचं चित्र मला आवडतं. आगीचा राक्षस-राजा आणि त्याच्यावर झेप घेणारी मांत्रिक बाई. अंगभर कपडे. कपडे आहेत म्हणून आवडतं असं नाही. सगळं चित्र तिच्या डावाच्या मधोमध थांबलेलं आहे म्हणून आवडतं. १९७९च्या इफ्रीताशेजारी ते ठेवून बघा. पस्तीस वर्षांत काय बदललं ते सांगायला शब्द लागणार नाहीत. पण हा बदल सगळीकडे सारखा झालेला नाही. छोट्या प्रकाशकांच्या फळीवर अजूनही राक्षसाची आमिषं टांगलेली दिसतात.

जुन्या मुखपृष्ठांचं काय करायचं, यावर माझं मत मित्रांना आवडत नाही. हात लावू नका, असं मी म्हणतो. नवी आवृत्ती काढताना बाईवर कपडे रंगवू नका, तिला पुसूही नका. विझर्ड्सने २०२० पासून जुन्या पुस्तकांच्या डिजिटल प्रतींसोबत एक टीप जोडली की यातलं काही आजच्या मूल्यांशी जुळत नाही. टीप थोडी वकिली वाटते, पण चित्र बदलण्यापेक्षा बरी. चौथऱ्यावरची बाई पुसली तर १९७६ साली टेबलाभोवती कुणाला धरलं जात होतं आणि कुणाला नाही, याचा दस्तऐवजच जातो. नव्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र प्रकाशकाला मी एकच सांगेन: चित्र पास करण्याआधी ते एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीला दाखव. ती कपड्यांबद्दल काही बोलणार नाही, तू घाबरू नकोस. ती काय विचारते ते ऐक.

आता माझ्या फळीवर तीनच पुस्तकांना कव्हर आहे. इफ्रीताला पुन्हा घातलं नाही, कारण भाचीने घालू दिलं नाही. पात्र निवडायची वेळ आली तेव्हा तिने योद्धा नको म्हटलं, मांत्रिकही नको म्हटलं. तिला मुठीतली बाईच व्हायचं होतं. मी म्हटलं, अगं, तिचे हात अडकलेत, तिच्याकडे शस्त्र नाही, तू करणार काय? तिने पात्राच्या कागदावर बळ नऊ, चपळाई सोळा लिहिलं, नावाच्या जागी बराच विचार करून 'अजून ठरायचंय' लिहिलं. शनिवारी सगळे बसले. मी इफ्रीताचा दरबार रंगवून सांगितला, धूर, पितळी भिंती, खाली झुंजणारे वीर. सगळे आपापली तलवार उपसायला लागले. मी तिच्याकडे बघून विचारलं, तू काय करतेस?

"मी त्याच्या अंगठ्याला चावते," ती म्हणाली आणि वीस बाजूंचा फासा टाकला. सतरा.